ईजेबीवर आठ वर्षं गेली, आता पुढं काय?

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात)

वय ३१. कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षं काम करते. आमचं मुख्य काम साखर कारखान्यांचं: ऊस नोंद, वजनकाटा, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, पंधरवड्याची ऊसबिलं. सगळं जावात, एंटरप्राइज जावाबीन्स म्हणजे ईजेबी (मोठ्या व्यावसायिक प्रोग्रॅमसाठीचा जावाचा सांगाडा) वापरून लिहिलेलं. काही कोड २.१ च्या काळातला, बराचसा नंतर ३ वर आणलेला. जावा ८, हे ज्यावर चालतं तो सर्व्हर जुना जेबॉस. पुण्यातल्या मैत्रिणी स्प्रिंग बूट (जावाचाच नवा सांगाडा), क्लाउड असं बोलायला लागल्या की मी गप्प बसते. मला फक्त ईजेबी येतं आणि ते रेझ्युमेत लिहायचीही लाज वाटते. आता आमच्या सरांनी ठरवलंय की सगळं मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये, नव्यानं लिहायचं, पुढच्या गळीत हंगामाच्या आत, आणि लीड मी करायचं. टीममध्ये आम्ही चौघं. हे जमेलसं वाटत नाही. पण नाही म्हटलं तर याच कोडात म्हातारी होईन. घरचे म्हणतात, कोल्हापूर सोडू नको. नव्यानं लिहायला घेऊ, नोकरी बदलू, की आहे तिथंच राहू? आणि बदलायची झाली तर सरांना कधी सांगू?

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी बाजूला काढते. “मला फक्त ईजेबी येतं.” हे कितपत खरं आहे ते बघू. नवं लिहायचं का, नोकरी सोडायची का, हे त्यानंतर.

ईजेबीची पहिली आवृत्ती १९९८ ची. सन मायक्रोसिस्टिम्सचं आश्वासन असं होतं की धंद्याचे नियम तेवढे तुम्ही लिहा. ट्रान्झॅक्शन (सगळ्या नोंदी होतील किंवा एकही नाही असा व्यवहार), सुरक्षा, डेटाबेसची कनेक्शन्स, एकाच वेळी येणारे शेकडो वापरकर्ते हे सगळं कंटेनर, म्हणजे तुमचा कोड चालवणारा सर्व्हरचा भाग, बघेल. म्हणजे मंगल कार्यालयाचा हिशेब: यजमानांनी पाहुणे बघायचे, मांडव-पंगत-लायटिंग कार्यालयाकडं. फक्त हे पहिलं कार्यालय असं होतं की पाण्याचा तांब्या मागवायलाही तीन फॉर्म भरायचे. साध्या एका बीनला, म्हणजे नियम लिहिलेल्या एका घटकाला, होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, खरा क्लास आणि वर एक्सएमएलची फाइल. सुरुवातीला तर शेजारच्या बीनशी बोलायचं तरी ते नेटवर्कवरून बोलल्यासारखं; लोकल इंटरफेस २००१ च्या २.० मध्ये मिळाले. एंटिटी बीन्सचा (डेटाबेसमधल्या नोंदी सांभाळणाऱ्या बीन्सचा) त्रास तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याकडं ती अजून जिवंत आहेत.

याच वैतागावर हायबरनेट (डेटाबेसच्या नोंदींसाठी) आणि स्प्रिंग हे पर्याय मोठे झाले. स्प्रिंगची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, ईजेबी ३.० नं बराच पसारा आवरला: होम इंटरफेसची सक्ती गेली, एक्सएमएलच्या जागी कोडातच लिहायची खूण म्हणजे अ‍ॅनोटेशन आलं, एंटिटी बीन्सचं काम जेपीए या नव्या, सोप्या पद्धतीकडं गेलं. ईजेबीची जी नालस्ती तुम्ही ऐकता ती बहुतेक २००६ च्या आधीची आहे आणि ती रास्तच आहे. तुम्ही रोज ज्यात काम करता त्यातला बराचसा भाग मात्र त्यानंतरचा. २०१७ मध्ये ओरॅकलनं जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडं सोपवायचं ठरवलं, पुढच्या वर्षी त्याचं नाव जकार्ता ईई झालं, आणि ईजेबी आजही त्यात आहे. नव्या प्रकल्पासाठी मी ते सुचवणार नाही. पण मेलेलं म्हणणं चूक आहे.

आता तुमच्याबद्दल. ट्रान्झॅक्शन कसं चालवायचं हे सांगायला ईजेबीत सहा पर्याय असतात: रिक्वायर्ड, रिक्वायर्स न्यू, मँडेटरी, सपोर्ट्स, नॉट सपोर्टेड, नेव्हर. स्प्रिंगमध्ये याच नावांचे हेच सहा आहेत, वर नेस्टेड हा सातवा. मैत्रिणी ज्या गोष्टीबद्दल बोलतात आणि तुम्ही गप्प बसता, तिचा गाभा असा शब्दशः तुमच्या हातात आहे. प्रश्न एवढाच की तो तुम्हाला कळलेला आहे, की आधीच्या माणसानं लिहिलं म्हणून तुम्ही तसंच पुढं ओढताय? हा फरक कुठला फ्रेमवर्क वापरता यापेक्षा मोठा आहे, आणि तो तुम्हालाच तपासता येईल. पुढचे प्रश्न स्वतःला विचारून बघा. उत्तर तोंडी नको, तुमच्या कोडातली जागा दाखवता आली पाहिजे.

ऊसबिल करताना एका बाजूला शेतकऱ्याची रक्कम पडते, दुसऱ्या बाजूला सोसायटीची वसुली आणि इतर कपाती होतात. मध्येच “खात्यात तेवढी बाकी नाही” असा तुमचा स्वतःचा चेक्ड एक्सेप्शन (कोडात आधीच जाहीर केलेला अपवाद) उडाला तर आधी झालेल्या नोंदी मागं फिरतात का? आपोआप फिरत नाहीत. ईजेबीत रनटाइम एक्सेप्शनला (अनपेक्षित चुकीला) रोलबॅक होतो, म्हणजे नोंदी मागं फिरतात. चेक्ड एक्सेप्शन हा धंद्यातला नेहमीचा प्रसंग समजला जातो आणि वेगळं सांगितलं नसेल तर ट्रान्झॅक्शन कमिट होतं, म्हणजे नोंदी कायम होतात. स्प्रिंगचाही ठरलेला नियम हाच. कितीतरी अनुभवी लोक इथं अडखळतात.

चूक झाली तरी तिची नोंद लॉगच्या टेबलात राहावी म्हणून कुणीतरी तिथं रिक्वायर्स न्यू लावलेलं असेल. बरोबर आहे. पण त्यावेळी पहिलं ट्रान्झॅक्शन आपलं कनेक्शन धरून थांबलेलं असतं आणि नवं ट्रान्झॅक्शन दुसरं कनेक्शन मागतं. काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, कनेक्शनचा साठा (पूल) छोटा आहे, प्रत्येकाच्या हातात एक कनेक्शन आहे आणि प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतोय. सगळं ठप्प. हंगामात कधीतरी सर्व्हर असाच अडकला आणि रीस्टार्ट केल्यावर चालू झाला, असं तुमच्याकडं घडलंय का?

एकाच क्लासमधल्या एका मेथडनं दुसरीला थेट बोलावलं तर त्या दुसऱ्या मेथडवरच्या अ‍ॅनोटेशनचं काय होतं? काहीच नाही, कारण ती हाक कंटेनरमधून जातच नाही. स्प्रिंगच्या नेहमीच्या प्रॉक्सीतही (हाक मध्ये अडवणाऱ्या दुव्यातही) तेच. आणि तुमच्या कोडात एक जास्तीचं आहे: एक्सएमएलमध्ये लिहिलेलं अ‍ॅनोटेशनवर मात करतं. नुसता जावाचा कोड वाचून निष्कर्ष काढणारा नवा माणूस तुमच्याकडं हमखास फसेल. तुम्ही फसत नसाल, तर ते ज्ञान आहे.

यातल्या निम्म्या गोष्टी जरी कोडात बोट ठेवून दाखवता आल्या तरी “फक्त ईजेबी येतं” हे वाक्य खोडून टाका. नाही आल्या, तर लाज ईजेबीची नको, शिकायचं काय ते कळलं. सरांनी परवानगी द्यायची वाट न बघता उद्यापासून सुरुवात करता येईल, तुमच्याच कोडावर.

मायक्रोसर्व्हिसेस हा शब्द मिटिंगमध्ये फार छान वाजतो. सरांना तो कुठल्या तरी प्रेझेंटेशनमध्ये भेटला असावा. त्यांचा हेतू मला वाईट वाटत नाही. जुन्या जेबॉसवर धंदा चालवणाऱ्या मालकाला रात्री झोप लागत नसणार. पण चौघांनी, चालू ग्राहक सांभाळत, पुढच्या हंगामाच्या आत सगळं नव्यानं लिहायचं, हा बेत मला धोक्याचा वाटतो. कारण तुमच्या हिमतीचं नाही, कामाच्या स्वभावाचं आहे. आज बिल, कपात आणि वाहतूकदाराची उचल एकाच डेटाबेसमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे: सगळं होईल किंवा काहीच होणार नाही. ते तीन सर्व्हिसेसमध्ये, तीन डेटाबेसवर वाटलं की ही हमी गेली. मग अर्धवट झालेलं काम उलटं फिरवणारा कोड, तोच मेसेज दोनदा आला तर दोनदा कपात न होण्याची काळजी, आणि कुठं काय अडलं ते शोधायची यंत्रणा, हे सगळं तुम्हीच लिहायचं. ज्यांच्याकडं पाच-दहा टीम्स आहेत आणि एकमेकींची वाट बघण्यात वेळ जातो, त्यांना हा खर्च परवडतो. चौघांना एका टेबलावर बसून बोलता येतं.

वेळापत्रकही बघा. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. एफआरपी (केंद्र सरकार ठरवतं ती उसाची किमान किंमत) दर हंगामाला बदलते, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं २०२४-२५ साठी ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५. वर आपल्या भागात पहिली उचल किती यावर आंदोलन होणार, आणि ठरलेला दर कारखान्यातून फोनवर कळणार. हे सारे नियम तुमच्या कोडात कुठं कुठं विखुरलेत ते कागदावर नसणार. ते तुमच्या डोक्यात आहेत. नव्यानं लिहिताना नेमकं हेच गळतं, आणि ते गळाल्याचं कळतं तेव्हा शेतकरी हातात पावती घेऊन ऑफिसात उभा असतो.

म्हणून सरांना “नाही” म्हणू नका. “असं करू” म्हणा. मी तुमच्या जागी असते तर पुढच्या क्रमानं गेले असते.

सगळ्यात आधी, मागच्या हंगामातल्या एका कारखान्याच्या डेटाची प्रत घेऊन, नावं-खाती झाकून, सगळ्या पंधरवड्यांची बिलं जुन्या सिस्टिमवर पुन्हा काढायची आणि ते आकडे जपून ठेवायचे. इथून पुढं कोडात काहीही बदललं की तीच बिलं पुन्हा काढून पैशापर्यंत जुळवायची. युनिट टेस्ट नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा ही एक गोष्ट तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. रक्कम कुठं डबलमध्ये (अपूर्णांक अंदाजे धरणाऱ्या प्रकारात) धरली असेल तर ती इथंच उघडी पडेल; पैशाला बिगडेसिमल हा अचूक प्रकारच हवा. काही ठिकाणी जुनाच आकडा चुकीचा निघेल. तो लगेच दुरुस्त करू नका, वेगळा लिहून ठेवा, कारखान्याच्या अकाउंटंटना दाखवा. कदाचित त्याच चुकीवर त्यांचं लेजर जुळलेलं असेल.

मग २.१ ची एंटिटी बीन्स काढून जेपीए. २०१३ च्या जावा ईई ७ पासून ती बीन्स ऐच्छिक झालीत, त्यामुळं पुढचा सर्व्हर ती चालवेलच असं धरून चालता येत नाही. हे करताना जिथं दोन क्लार्क एकच नोंद उघडतात तिथं व्हर्जनचा रकाना घाला, म्हणजे एकाचा बदल दुसऱ्याकडून नकळत पुसला जाणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फायद्याचं आहे.

त्यानंतर जावा १७ किंवा २१ आणि नवा सर्व्हर. वाटेत पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ करायला लागेल. हा बदल जकार्ता ईई ९ मध्ये, २०२० साली आला. फाइंड-रिप्लेस मारून मोकळं व्हायचं नाही, कारण जावाएक्स-एसक्यूएल आणि जावाएक्स-क्रिप्टो ही जावाचीच पॅकेजेस आहेत, ती तशीच राहतात. ओपनरीराइटसारखी, कोड आपोआप बदलणारी साधनं यात बरंच काम उचलतात. इथवर आलात की वाइल्डफ्लायवर (जेबॉसच्याच पुढच्या रूपावर) ईजेबीच ठेवायचं की स्प्रिंग बूटला जायचं हे शांतपणे ठरवता येईल, कारण सिस्टिम आता सुरक्षित आहे. स्प्रिंग बूट ३ ला तसंही जावा १७ आणि जकार्ता लागतंच, त्यामुळं यातलं काही वाया जात नाही.

स्प्रिंगला गेलातच तर एका जागी फार सावध राहा. स्टेटलेस बीनची एक प्रत एका वेळी एकाच थ्रेडला (एकाच चालू कामाला) मिळते, ही ईजेबीची हमी आहे. त्या भरवशावर कुणीतरी क्लासच्या व्हेरिएबलमध्ये चालू शेतकऱ्याचा कोड ठेवलेला असतो, आणि मेथडच्या सुरुवातीला तो भरत असल्यामुळं वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. स्प्रिंगचा बीन मात्र एकच असतो, सगळे थ्रेड तोच वापरतात. तोच क्लास तसाच उचलून नेला की एकाच्या बिलात दुसऱ्याचा ऊस. टेस्टिंगला एकटा माणूस बसलेला असतो तेव्हा हे दिसत नाही. काट्यावर गर्दी झाली की दिसतं. तसंच टायमरचं. स्प्रिंगमध्ये वेळ लावून ठेवलेलं काम अ‍ॅप्लिकेशनच्या प्रत्येक प्रतीत चालतं. दोन सर्व्हर लावले तर रात्रीचं बिल दोनदा निघेल, तुम्ही बंदोबस्त केला नसेल तर.

सरांना नवं काही दाखवायचंच असेल तर एक तुकडा वेगळा काढा, आणि तो पैशाला हात न लावणारा असू दे. शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस पाठवणं, किंवा मोबाईलवर स्वतःच्या गाड्यांची यादी बघणं. तो स्प्रिंग बूटमध्ये लिहा, डॉकरसारख्या कंटेनरात (हा ईजेबीच्या कंटेनरपेक्षा वेगळा) डिप्लॉय करा, म्हणजे चालू करून ठेवा, बिघडला तर कुणाचं बिल अडणार नाही. सरांना दाखवायला काहीतरी मिळेल आणि तुमच्या रेझ्युमेत जो शब्द हवा होता तोही खरेपणानं येईल. आणि एक अट आधीच कबूल करून घ्या: गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत मोठा बदल नाही.

आता नोकरी. तुम्ही लिहिता की जुन्या तंत्रज्ञानामुळं अडकलात. पत्र पुन्हा वाचताना मला वेगळंच जाणवलं: ज्याच्याकडून शिकावं असं त्या चौघांत तुमच्या वर कुणी नाही. कोड तुम्हीच लिहिता, तुम्हीच तपासता, रात्री फोनही तुम्हालाच येतो. हे खरं असेल तर स्प्रिंग बूट आलं तरी अडकलेपण जाणार नाही. नोकरी बदलायचं हे चांगलं कारण आहे. पगार हेही चांगलं कारण आहे, त्यात संकोच कसला? “माझं तंत्रज्ञान जुनं” हे कारण मात्र कच्चं आहे, आणि इंटरव्ह्यूत त्या सुरात बोललात तर समोरचा तीच किंमत लावेल.

रेझ्युमेत ईजेबी लिहाच. बँका आणि विमा कंपन्यांकडं असल्या सिस्टिम्स अजून चालू आहेत आणि त्या नव्यावर आणायला माणसं लागतात. ती शोधताना हाच शब्द शोधला जातो. पण त्याच्या आधी काम लिहा: किती शेतकऱ्यांची बिलं एका पंधरवड्यात निघतात, त्यात कुठली अडचण होती, तुम्ही काय केलंत. कनेक्शनचा पूल अडकण्याचा किस्सा कारणासकट सांगता आला तर पुण्यातल्या कुठल्याही टेबलावर तो ऐकून घेतला जाईल.

कोल्हापूर सोडायचं की नाही यात घरच्यांचं मत धरा, पण तुमचं मत मला पत्रात सापडलंच नाही. तुम्हाला इथं राहायचंय का? राहायचं असेल तर घरून काम देणाऱ्या कंपन्यांत अर्ज करा आणि आठवड्यातून एकदा का होईना, कुणाबरोबर तरी कोड वाचायला बसा. जायचं असेल तर तेही ठीक. घरच्यांशी बोलताना कंपनीचं नाव पुढं करू नका, स्वतःचं सांगा.

इचलकरंजीच्या यंत्रमागांची, पतसंस्थांची, शिरोलीच्या फाउंड्र्यांची जुनी सॉफ्टवेअर्स सांभाळणारे बरेचजण हे वाचत असतील. ऊसबिलाच्या जागी ठेवीवरचं व्याज किंवा जॉबवर्कचा हिशेब धरा, बाकी सगळं तेच लागू. जे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेत त्यांनी ईजेबीचं जुनं पुस्तक उघडायची गरज नाही. नुसतं जेडीबीसी (जावातून थेट डेटाबेसशी बोलायची सोय) घेऊन दोन खात्यांत पैसे फिरवा, मध्येच प्रोग्रॅम बंद पाडा, काय होतं बघा. मग स्प्रिंग शिका.

राहिला प्रश्न सरांना कधी सांगायचं. नव्या कामाचा वर लिहिलेला क्रम याच आठवड्यात एका पानावर लिहून द्या, तुम्ही राहणार असा किंवा जाणार असा कुठलाही शब्द न देता. लीड घ्यायचं तर दोन गोष्टी मागा: पगारवाढ, आणि डिप्लॉय करायला शिकेल असा दुसरा माणूस. सहा महिन्यांत दोन्हीतलं काहीच हललं नाही तर अर्ज सुरू करा, आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय बोलू नका. नोटीसचा काळ शक्यतो एप्रिलनंतर येईल असा बघा. ऐन जानेवारीत सोडलंत तर ते तिघं बुडतील आणि फोन तुम्हालाच येत राहतील. तोवर सर्व्हर चालू-बंद करायची कृती, पासवर्ड कुठं आहेत ते, आणि एक्सएमएलमधल्या त्या छुप्या सेटिंग्जची यादी लिहून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा. राहिलात तरी ती लागेलच, नाहीतर सुट्टीवर गेल्यावरही फोन बंद ठेवता यायचा नाही.